हजेरीपत्रकाआधी सुयांचं रजिस्टर मागा

शिलाई कारखान्याच्या एसए ८००० (कामगारांच्या हक्कांचं आंतरराष्ट्रीय मानक) ऑडिटला हजेरीपत्रक बहुधा चकचकीतच मिळतं: सगळे ९ ला आत, साडेपाचला बाहेर, रविवार कोरा. त्यावर विसंबू नका. मोडलेल्या सुयांचं रजिस्टर मागवा. कपड्यात तुकडा राहू नये म्हणून प्रत्येक मोडकी सुई तारीख, वेळ, मशीन नंबरासकट कागदावर चिकटवून ठेवतात, आणि दुहेरी हजेरी (एक खरी, एक दाखवायची) लिहिणारे नेमकं हेच रजिस्टर सावरायला विसरतात. रविवारची किंवा रात्री ९ ची सुई सापडली, की त्या दिवसाचं गेट रजिस्टर आणि पगारपत्रक शेजारी ठेवा.

एसए ८००० ची मर्यादा अशी: आठवड्याला ४८ तास, वर जादा काम १२ तासांपर्यंत, तेही राजीखुशीने, सलग ६ दिवसांनंतर १ सुट्टी. आपल्याकडे कायद्याने जादा तासाला दुप्पट दर. पगारपत्रकात ‘उत्पादन बोनस’ म्हणून गोल आकडे दिसले, तर तिथे एकपट दराचा ओव्हरटाइम दडलेला असू शकतो.

मुलाखती सुपरवायझरच्या नजरेआड घ्या. ‘जादा काम करता का?’ याचं उत्तर पाठ करून घेतलेलं असतं. ‘मागच्या रविवारी घरी काय केलंत?’ हे विचारा. आणि धागे कापणाऱ्या कंत्राटी बायका यादीत आहेत ना, तेवढं बघा.