माहितीपट, मालिका आणि मग सिनेमा

"माहितीपटात अडकलो तर सिनेमा राहून जाईल का?" उमेदवारीला आलेली मुलं मला हे हमखास विचारतात. माझी तरी सिनेमाची शिदोरी तिथेच बांधली गेली.

माझा पहिला माहितीपट ऊसतोड कामगारांवर होता. बीडहून आलेलं एक जोडपं, त्यांच्या भाषेत एक 'कोयता', फडाजवळच्या कोपीत राहत होतं. पहाटे साडेतीनला बाई चूल पेटवायला बसली आणि माझा फोकस चुकला. म्हटलं, "ताई, परत एकदा पेटवता का?" तिने पेटवली. पण पहिल्या वेळी तिने काडी ओढता ओढता शेजारी झोपलेल्या पोराचं पांघरूण वर घेतलं होतं. दुसऱ्या वेळी ती पदर सावरून नीट बसली, पोराकडे तिचं लक्षच गेलं नाही. संकलनात मी फोकस गेलेला शॉटच ठेवला.

म्हणून सांगतो, नव्या जागी गेलात की पहिला तासभर कॅमेरा बॅगेतच राहू द्या. निघताना अर्धा मिनिट नुसता रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज, घ्या. तो नसेल तर दोन बाइट, म्हणजे बोलण्याचे तुकडे, जोडताना मध्ये खड्डा पडल्यासारखा ऐकू येतो. आणि काम एखाद्या संस्थेसाठी असेल, तर पहिला हप्ता हातात आल्याशिवाय शूटला निघू नका.

मालिकेकडे मी घरभाड्यासाठी वळलो. बारा तासांच्या शिफ्टमध्ये वीसेक मिनिटांचा भाग उरकायचा, संवाद कधी कधी सेटवरच हातात पडायचे. पण सीन वाचतानाच मास्टर म्हणजे अख्ख्या सीनचा शॉट कुठून, क्लोज-अप कुणाचे, वेळ संपत आली तर कुठला सोडायचा, हे डोक्यात पक्कं झालं ते तिथेच. वर्ष-दीड वर्ष जरूर करा. मी त्याहून खूप जास्त केलं आणि प्रत्येक वाक्याला क्लोज लावायची सवय हातात मुरली. ती मोडताना फार जड गेलं.

वाट लांबची आहे हे मात्र खरं. सुमित्रा भावे सामाजिक संशोधनाच्या कामातून आल्या. त्यांचा 'बाई' हा लघुपट १९८५ चा आणि 'दोघी' हा सिनेमा १९९५ चा. सई परांजपे आकाशवाणी, दूरदर्शन, बालचित्रपट असं सगळं करत 'स्पर्श' या सिनेमापर्यंत पोचल्या. त्यांची ती आधीची वर्षं वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही.

माझ्या पहिल्या सिनेमात चूल पेटवायचा एक प्रसंग होता. दिवसाला जेमतेम दोन-तीन मिनिटं चित्रित होत होती, त्यामुळे टेक घ्यायला सवड होती. अभिनेत्रीने तीन टेक बिनचूक दिले. तिन्हींमध्ये मला ती पदर सावरून बसलेली बाई दिसत राहिली. मग गावातल्या एका पोराला त्याच्या आईला विचारून चुलीशेजारी निजवलं, अंगावर गोधडी घातली, कॅमेरामनला हळूच 'रोल' म्हटलं आणि 'ॲक्शन' म्हणालोच नाही. बऱ्याच वेळाने तिने काडी ओढली. ती विझेपर्यंत तिचा दुसरा हात गोधडीकडे गेला होता.