हेवी ड्युटी ड्रिल मशीन घेताय? या चुका टाळा

ड्रिल मशीन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचं?" दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. पाचशे, साडेसहाशे, आठशे, हजार. पण वॅट म्हणजे मशीन वीज किती ओढतं, तेवढंच. त्यातला जोर बिटच्या (भोक पाडणाऱ्या दांडीच्या) टोकाला कसा पोचतो, ते आतल्या यंत्रणेवर ठरतं. त्यामुळे आकडा विचारण्याआधी भोक कशात पाडायचंय ते ठरवा.

इम्पॅक्ट ड्रिललाच हॅमर समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १३ मि.मी. चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) इम्पॅक्ट ड्रिलवर हातोडीचं चिन्ह असतं आणि मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस हजार ठोके असा भारदस्त आकडाही छापलेला असतो. आत असतात दात पाडलेल्या दोन चकत्या, एकमेकींवर घासून खडखडणाऱ्या. ठोके भरपूर, पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि त्यालाही जोर तुमच्या खांद्याचाच लागतो. विटेच्या भिंतीत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लग) बसवायला हे मशीन उत्तम. पिलर किंवा बीम आला की बिट नुसतं गरम होतं, टोक निळं पडतं, भोक काही पुढे सरकत नाही.

खरा हॅमर म्हणजे रोटरी हॅमर. त्यात पिस्टन असतो. तो हवा दाबतो आणि त्या हवेच्या दाबाने आतला ठोकळा बिटवर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका दोन-तीन ज्यूलचा. फ्लॅटमधली बरीच कामं आरसीसीतली (सळई घातलेल्या काँक्रीटमधली) असतील, तर हजार वॅटच्या इम्पॅक्टपेक्षा आठशे वॅटचा, काँक्रीटमध्ये २६ मि.मी.पर्यंत भोक पाडणाऱ्या वर्गातला हॅमर घ्या. वजन पावणेतीन किलोच्या आसपास. तो वापरताना मात्र रेटा देऊ नका. अंगाचा भार टाकला की उलट काम मंदावतं.

भिंत कशाची आहे ते भुकटी सांगते. आधी प्लॅस्टरची राखाडी भुकटी येते, मग लाल आली तर वीट. राखाडीच येत राहिली आणि बिट अडखळलं तर काँक्रीट. बारीक, पांढुरकी भुकटी आली आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. तिथे मशीनचे ठोके ताबडतोब बंद करा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी फिरत राहते. कोकणातल्या जांभ्याची भुकटीही लालच असते, पण चिरा सच्छिद्र, म्हणून तिथे लांब गिट्टी लागते.

पिलरमध्ये बिट एकदम थांबलं, टणटण आवाज आला, तर ती सळई. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे पिलरच्या सळईवर किमान ४० मि.मी. काँक्रीटचं आवरण हवं, स्लॅबला साध्या हवामानात २० मि.मी. चालतं. त्या खोलीवर अडलात तर मशीन रेटू नका, दीड-दोन इंच सरकून नवीन होल मारा. सळई कापायची नाहीच.

हॅमरनेच लोखंडातही भोक पाडू, असं धरून चालणं

हॅमरच्या एसडीएस चकमध्ये (त्यात खाचांच्या दांड्याचंच बिट बसतं) लोखंडासाठीचं साधं गोल एचएसएस बिट बसत नाही. अडॅप्टर मिळतो, पण त्यात बिट थोडं डुलतं. फॅब्रिकेशनचं काम जास्त असेल तर वेगळं, कमी फेऱ्यांचं, चावीच्या चकचं ड्रिल घ्या. लोखंडाला वेग नको, ताकद हवी. १० मि.मी. बिटला साध्या लोखंडात मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे पुरतात. तीन हजारावर पळवलं तर बिटची धार मिनिटभरात जाते. वेग कमी-जास्त करणारा ट्रिगर आणि रिव्हर्स हवाच. बाजूचं हँडल खोक्यातच राहतं. मोठं बिट अडकलं की मशीन फिरतं आणि मनगट पिरगळतं, तेव्हा ते आठवतं.

मशीन चांगलं, पण वायर मरतुकडी

मशीनमध्ये जोर नाही अशी तक्रार असते, आणि दोष निघतो स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डाचा. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मशीन अडखळतं, जास्त तापतं. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळीतच ठेवली तर वायरच तापून वितळू शकते. हजार वॅटच्या पुढचं मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावलेलं बरं.

बिघाड दिसला तर

चालू मशीनच्या फटीतून बारीक निळसर ठिणगी दिसणं नेहमीचं आहे. मोठी, पिवळी, गोल फिरणारी ठिणगी दिसली तर कार्बन (मोटारीला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) बिघडलंय. कार्बन दोन्ही एकदम बदला. जळका वास आला तर लगेच बंद करून ठेवू नका. आतला पंखा मोटारीच्याच दांड्यावर असतो, म्हणून बिट भोकातून बाहेर काढून मिनिटभर मोकळं, पूर्ण वेगात फिरवा. धूर असेल तर मात्र प्लग काढाच. बिट चकमध्ये घसरत असेल तर चावी एकाच भोकात न फिरवता तिन्ही भोकांत आवळा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला घ्या नाहीतर पुण्यात बोहरी आळीत, पैसे देण्याआधी मशीन लावून बघा, आणि त्याच मॉडेलच्या कार्बनची एक जोडी सोबतच मागून घ्या. ती दुकानात नसेल तर पुढे आर्मेचर कुठून मिळणार, तेही तिथेच विचारा.