वादळात झाड पडलंय? करवत उचलण्याआधी हे पाहा

वादळ ओसरलं की आडव्या झाडाकडे बघून पहिल्यांदा कुऱ्हाडच आठवते. वाट अडलेली असते, कुंपण मोडलेलं असतं. तरीही लगेच काही कापू नका. आधी लांबूनच झाडाभोवती एक चक्कर मारा.

विजेची तार फांद्यांत अडकली असेल, तर निदान १० मीटर दूर राहा. ओल्या जमिनीतून आणि कुंपणाच्या तारेतूनही करंट येतो. घरातले दिवे गेले म्हणजे तार मेली, असं धरून चालू नका. लाइन बंद केल्याचं वीज कर्मचाऱ्याने स्वतः सांगेपर्यंत थांबा. मोडून वरच लटकलेल्या फांद्या आणि ढोलीतल्या मधमाश्या याही आधीच बघून ठेवा. नुकसानीचे फोटो काढायचे असतील तर तेही याच वेळी. झाड बांधावरचं असेल तर शेजाऱ्याशी बोलून घ्या.

सर्वात मोठा धोका असतो मुळांच्या गड्ड्याचा. झाड उन्मळून पडतं तेव्हा मुळं आणि माती भिंतीसारखी उभी राहते, आणि खोडाच्या वजनामुळेच ती तशी उभी असते. बुंध्याशी काप पुरा होत आला की मुळांतून कडकड ऐकू येते आणि गड्डा बुंध्यासकट धाडकन खड्ड्यात परत बसतो. त्या खड्ड्यात खेळणारं पोर कुणाला दिसतही नाही. म्हणून काम चालू असताना खड्ड्याजवळ एक माणूस उभा करा, तोही गड्ड्याच्या बाजूला, समोर नाही.

फांद्या कापताना लाकूड कुठे दाबलं गेलंय आणि कुठे ताणलं गेलंय ते ओळखा. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल, तर आधी वरून एक तृतीयांश कापा, मग खालून. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. हा क्रम चुकला की करवत अडकते, नाहीतर लाकूड चिरफाळून अंगावर येतं. वाकून जमिनीत अडकलेली बारीक फांदी तर सुटताक्षणी चाबकासारखी बसते. चेनसॉ खांद्याच्या वर नेऊ नका, उतारावर वरच्या बाजूला उभे राहा आणि एकट्याने हे काम करू नका. ओंडका ट्रॅक्टरने ओढायचा झाला तर साखळी मागच्या खालच्या हुकालाच लावा. वर बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो.

झाड कोवळं असेल आणि निम्म्याहून जास्त मुळं जमिनीत असतील, तर कापण्याची घाई नको. उघडी मुळं ओल्या गोणपाटाने झाका आणि एक-दोन दिवसांत झाड उभं करा. फाटलेली मुळं धारदार हत्याराने साफ कापा, खालची माती उकरून जागा करा, दोराखाली गोणपाट घालून हळूहळू ओढा. तीन बाजूंनी आधार द्या, फांद्यांचा भार हलका करा. कापांवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको. उन्हाला उघड्या पडलेल्या सालीला चुना फासा. असं झाड वर्षभर आधारावरच ठेवा. पालवी फुटली म्हणून आधार काढण्याची चूक फार होते.

लाकूड ठेवायचं असेल तर साल काढा, ओंडक्यांची टोकं रंगाने बंद करा आणि जमिनीपासून उचलून रचा. सालीखाली भुंगेरे लवकर शिरतात. ताजा भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना नत्र ओढून घेतो. वरून आच्छादन म्हणून चालेल, फक्त खोडाला चिकटवू नका. पडलेला पाला जनावरांना मोकळा सोडू नका. कण्हेर तर ओली काय, वाळली काय, विषारीच.

आता खड्डा. पाणी साचण्याआधी तो बुजवा. मुळं काळी, कुजकी निघाली असतील तर नवं झाड तिथे न लावता चार-पाच मीटर बाजूला लावा, आणि शेजारच्या झाडांच्या बुंध्याशी जमिनीला भेग पडली आहे का तेही बघा.