बीबीएसाठी कोल्हापूर की पुणे? या चुका टाळा

कोल्हापुरात, राजारामपुरीत माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मे ते ऑगस्ट उभं राहायला जागा नाही. बारावीचा निकाल लागला की बीबीएसाठी, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीसाठी, पोरगं, बाप आणि गल्लीतला एखादा जाणता माणूस असे तिघं येतात. "काका, कोल्हापूरचं घेऊ का पुण्याचं?" मी विचारतो, कॉलेज कुठलं, तीन वर्षांची फी किती, शिकवतं कोण? तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. हातात माहितीपत्रक मात्र असतं, गुळगुळीत कागदाचं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते एका गोष्टीनं. लोक विद्यापीठ निवडतात आणि कॉलेज विसरतात. शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. पदवीवर नाव एकच, पण सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा (आताचं ईश्वरपूर) वर्ग वेगळा आणि कोल्हापूरचा वेगळा. विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची, म्हणजे शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, ती विद्यापीठाची. कॉलेजची श्रेणी कॉलेजच्या नावानं वेगळी बघायची असते. त्यात स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी विद्यापीठाची. खासगी विद्यापीठ असेल तर शिकवणार तेच, पेपर तपासणार तेच आणि पदवी देणारही तेच. ह्या तिन्हींना एकाच तागडीत घालून "नाव कुणाचं मोठं?" असं विचारण्यात काय अर्थ आहे?

शिरोलीत वर्कशॉप असलेले एक गृहस्थ मला एका ठिकाणी सोबत घेऊन गेले होते. गाव आणि नाव सांगत नाही. आम्हाला लगेच एसी हॉलमध्ये बसवलं, कॉफी आली, पडद्यावर फिल्म सुरू झाली. मी लघवीचं निमित्त करून बाहेर पडलो आणि नोटीस बोर्डासमोर उभा राहिलो. दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक लावलेलं होतं. विषयापुढं शिक्षकाची आद्याक्षरं असतात, ती मोजली. अकाउंट्स, मार्केटिंग, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस लॉ आणि पर्यावरण, पाचही विषयांपुढं तीच दोन अक्षरं. शिपायाला विचारलं, ह्या मॅडम कुठं भेटतील? म्हणाला, "त्या व्हय? त्या दिवाळीतच सोडून गेल्या की." परतीच्या वाटेवर गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्याकडं पण एकच माणूस लेथ, ड्रिल आणि चहा बघतोय. पण गिऱ्हाइकाला मी ती तीन माणसं म्हणून दाखवत न्हाई."

तेव्हापासून माझी सवय ठरली. कॉलेज बघायला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्यातल्या मधल्या वारी, अकराच्या सुमारास. निकालानंतर गेलात तर वर्ग रिकामे आणि फक्त समुपदेशक हजर. आधी वेळापत्रक, मग कँटीन. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजायचा आणि विचारायचं: मागच्या सेमिस्टरचा निकाल किती दिवसांनी लागला? इंटर्नशिप कॉलेजनं दिली का मामाच्या दुकानाचं सर्टिफिकेट आणलं? गेल्या वर्षी पास झालेली आता काय करतात? कॅम्पसवर तीन तास घालवायला लोकांना वेळ नसतो. तीन वर्षं घालवायला असतो.

दुसरी चूक माझ्या घरातली, आणि फॉर्म मीच भरला होता, त्यामुळं दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. पुतण्याला पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून फोन आला, "आज सीट ब्लॉक करा, उद्या गॅरंटी नाही." भावानं पंचवीस हजार भरले. पुढं कोल्हापुरातच मनासारखं कॉलेज मिळालं. मी फोन केला, तिकडून गोड आवाजात "हो सर, कॅन्सल करून टाकतो" असं उत्तर आलं, आणि मी निर्धास्त झालो. पैसे मागायला गेलो तेव्हा म्हणाले, लेखी अर्ज कुठाय? शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटून गेले होते.

यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम असा आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापून. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तिसाव्या दिवसापर्यंत ५०, आणि पुढं शून्य. अधूनमधून यूजीसी त्या वर्षापुरत्या वेगळ्या तारखाही काढते, त्या बघून ठेवायच्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायलाही मनाई आहे. पण हे सगळं चालतं तारखेच्या कागदावर. आता मी पैसे भरायच्या आधीच रद्द करण्याचा ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवतो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षेबद्दल थोडक्यात. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस (हीही व्यवस्थापनाची पदवी) आणि बीसीए (कॉम्प्युटरची) हे एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत गेले आणि राज्याची सीईटी सुरू झाली. पहिल्या वर्षी कितीतरी जण "बी.कॉम.सारखं मार्कांवर मिळतंय" म्हणून घरी बसले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. दरवर्षी तशी मेहरबानी होईल असं धरून चालू नका. मुंबईकडच्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं, तिथं सीईटी लागत नाही. म्हणून कोर्सचं पूर्ण नाव वाचा. सिम्बायोसिसची सेट आणि एनएमआयएमएसची एनपॅट ह्या त्या संस्थांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या, त्यांच्या अर्जाच्या तारखाही वेगळ्या, त्यासाठी बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नका.

पहिल्या वर्षाच्या फीवर तुलना करू नका. पुण्यात खोली आणि मेस महिना बारा हजार धरा, वर्षाला दहा महिने धरा, तीन वर्षांचे तीन लाख साठ हजार फीच्या वर होतात. हे गणित मी पाकिटाच्या मागं करून दाखवतो तेव्हा आई लोकांना पटतं, बापांना नाही.

माहितीपत्रकातलं "सर्वोच्च पॅकेज" बऱ्याचदा एमबीएचं असतं. बीबीएचं वेगळं विचारा, आणि सर्वोच्च नको, मधलं विचारा, म्हणजे निम्म्या पोरांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतं ते.

मित्र जातोय म्हणून जाऊ नका. तो पहिल्या सेमिस्टरला परत येतो.

मुलींच्या पालकांनी एक नीट बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. खासगी आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. म्हणजे दोन नावांमधला खरा फरक कित्येकदा इथंच असतो, आणि लोक तो प्रवेश घेऊन झाल्यावर विचारायला येतात. आपला कोर्स यादीत आहे का ते महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर बघा. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढा, जुलैत तहसीलच्या रांगेत उभं राहून मला फोन करू नका.

दुकान सकाळी दहाला उघडतं. शेवटच्या तारखेला रात्री साडेनऊला येऊ नका. तेव्हा सर्व्हरही बंद असतो आणि माझं डोकंही.