जुना फोर बाय फोर पिकअप: भाव कसा ठरवाल?

आधी त्याच सालच्या, त्याच मॉडेलच्या टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणाऱ्या गाडीचा भाव दोन-तीन ठिकाणी काढा. जालना, लातूर, नांदेड, कुठेही. फोर बाय फोरचे वरचे पैसे पुढची चाकं खरंच ओढत असतील तरच द्यायचे. काही गाड्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्टच, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडाच, काढून ठेवलेला असतो, म्हणून आधी खाली वाकून बघा. मग गाडी ओल्या काळ्या रानात घाला, फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या हळू पण जोरदार गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी बाजूला उभं राहून पुढची चाकं बघायला सांगा. डांबरी रस्त्यावर ही परीक्षा नको, तिथं गिअरवर ताण येतो. पुढच्या डिफरन्शियलचं, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं तेल बोटावर घ्या. चकचकीत कीस दिसला तर मेकॅनिककडून खर्चाचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम वजा करा. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

ऊस वाहिलेली गाडी असेल तर चेसीवरचे वेल्डिंगचे डाग शोधा. माझ्या मते तडा सांधलेली चेसी स्वस्तातही महागच.

कागदात फिटनेस, विमा, थकीत चलन आणि आरसीवरचा बँकेचा बोजा बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, तो खर्चही मालकाला बोलून दाखवा.