आच्छादनावरची बुरशी: कोणती काढायची, कोणती राहू द्यायची

पावसाची झड लागली की वाफ्यातल्या पाचटावर, कुंडीतल्या कोकोपीटवर किंवा झाडाखाली पसरलेल्या भुशावर रातोरात काहीतरी उगवतं. कुठे पांढरं जाळं, कुठे कुत्र्याच्या छत्र्या, कुठे कुणी ओकून ठेवल्यासारखा पिवळा गोळा. लगेच बुरशीनाशक आणून फवारू नका. यातल्या बहुतेक बुरश्या मेलेल्या काडीकचऱ्यावर जगतात, जिवंत झाडाला हात लावत नाहीत. शिवाय फवारा बसतो वरच्या छत्रीवर. मूळ बुरशी आत तंतूंच्या रूपात पसरलेली असते, तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही आणि पुढच्या पावसात नवी छत्री वर येते. कार्बेन्डाझिमसारखी औषधं गांडुळांना मारक आहेत, म्हणजे कचरा कुजवून खत करणारेच आधी मरतात.

आधी उगवलंय काय ते नीट बघा.

पिवळा, स्पंजासारखा, तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा गोळा म्हणजे स्लाइम मोल्ड. शास्त्रीय वर्गीकरणात तो बुरशीतही मोडत नाही. आच्छादनावरचे जिवाणू खात तो हळूहळू सरकतो, एकदोन दिवसांत सुकून तपकिरी होतो आणि हात लागताच त्यातून काळपट पूड उडते. ओला आणि पिवळा असतानाच, सकाळी, सपाट खुरप्याने खालच्या २-३ सेंटिमीटर आच्छादनासकट उचला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. पाइपचा जोरदार फवारा मारून धुऊ नका, बीजाणू सगळीकडे उडतात. सुकलेला गोळा काढताना मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर ते काम त्यांच्याकडे देऊ नका.

कुंडीत येणाऱ्या नाजूक पिवळ्या छत्र्या आणि आत अंड्यांसारखे बारीक चपटे दाणे असलेल्या, बोटाच्या नखाएवढ्या बुरशीच्या वाट्या झाडाला निरुपद्रवी असतात. छत्र्या दिसायला नको असतील तर उघडायच्या आधी देठाला धरून काढा. कुंडीत त्या वारंवार येत असतील तर पाणी जास्त होतंय, वरची २ सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. कुजलेल्या मांसासारखा वास मारणारी, माश्या गोळा करणारी बुरशी मात्र जमिनीतून पांढऱ्या अंड्यासारखी वर येत असतानाच खणून काढलेली बरी.

खरी भीती आहे ती स्क्लेरोशियम नावाच्या रोगट बुरशीची. टोमॅटो, मिरची, वांगं, भुईमूग, निशिगंध अशा कितीतरी झाडांना ती धरते आणि तिला उष्णता नि ओल दोन्ही आवडतात. वरून ती साध्या पांढऱ्या जाळ्यासारखीच दिसते, म्हणून फसायला होतं. ओळखायची जागा एकच, झाडाचा बुंधा. आच्छादन हाताने बाजूला करा. मातीलगत खोडाला चिकटून पांढरे रेशमी तंतू पंख्यासारखे पसरलेले असतील आणि त्यात मोहरीएवढ्या, आधी पांढऱ्या नि मग तपकिरी होणाऱ्या गोल गोळ्या असतील तर शंका नको. झाड दुपारी मान टाकतं, पाणी देऊनही सावरत नाही, आणि ओढलं की खोड मातीच्या रेषेवर कुजलेलं निघतं. नुसत्या पाचटावर जाळं आहे, बुंधा कोरडा आणि टणक आहे, गोळ्या नाहीत, तर ती साधी कुजवणारी बुरशी.

स्क्लेरोशियम सापडली की रोगट झाड मुळांसकट आणि भोवतालच्या १५ सेंटिमीटर मातीसकट काढा. ते कंपोस्टमध्ये घालू नका, त्या गोळ्या मातीत काही वर्षं जिवंत राहतात. शेजारच्या झाडांच्या बुंध्यापासून सगळं आच्छादन मागे ओढा. १० किलो चांगलं कुजलेलं शेणखत ओलसर करून त्यात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा, सावलीत गोणपाटाखाली ७ ते १० दिवस ठेवा, मधे एकदा खालीवर करा आणि मग वाफ्यात मिसळा. पुडक्यावरची वापराची मुदत बघून घ्या, कारण ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे. त्याच वाफ्यात रासायनिक बुरशीनाशक ओतलंत तर तीही मरेल. एप्रिल-मे महिन्यांत वाफा रिकामा असेल तर भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत गाडून ४ ते ६ आठवडे ताणून ठेवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात हा उपाय चांगला लागू पडतो. काळं प्लास्टिक चालत नाही, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

बाकी बुरशी कमी करायची तर आच्छादनाचीच रीत बदलावी लागते. उन्हाळ्यात ५ ते ७ सेंटिमीटर थर ठीक, पावसाळ्यात तो ३-४ सेंटिमीटरवर आणा. बुंध्याभोवती ८-१० सेंटिमीटर जागा कायम मोकळी ठेवा. ही एक गोष्ट पाळली तरी निम्मे प्रश्न सुटतात. दर दहा-पंधरा दिवसांनी दाताळ्याने थर उलटा. तंतूंनी एकमेकांत विणलेला थर कोरडा झाला की पाणी झिरपूच देत नाही, वरून ओला दिसतो आणि खाली मूळ तहानलेलं राहतं. म्हणून थर फोडून, खालच्या मातीत बोट घालून ओल तपासा.

बारीक लाकडी भुसा ताजा वापरू नका. तो दाबून बसतो, हवा कोंडते आणि त्यात कार्बन फार, नायट्रोजन नगण्य असल्याने बुरशीचंच फावतं. वापरायचाच तर शेणकाला शिंपडून दोन-तीन महिने ढिगात कुजवा. आधीच पसरलेला असेल तर चौरस मीटरला साधारण १ किलो शेणखत किंवा गांडूळखत वरून भुरभुरून दाताळ्याने मिसळा. नायट्रोजन मिळाला की जिवाणू जोर धरतात आणि आच्छादन लवकर कुजून मातीत जातं. पावसाळ्यात नारळाच्या सोडणांचे मोठे तुकडे उत्तम, त्यांतून पाणी निथळतं. पाणी सकाळी, झारीने बुंध्याजवळच्या मातीत द्या. ठिबकची नळी असेल तर ती आच्छादनाखाली घाला.

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिथे घराभोवती लाकडी चिप्स पसरतात आणि त्यातली एक बुरशी उजेडाच्या दिशेने, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर आणि गाडीवर, डांबरासारखे काळे ठिपके काही मीटरपर्यंत फेकते. सुकल्यावर ते रंग खरवडल्याशिवाय निघत नाहीत. भिंतीलगतच्या पट्ट्यात चिप्सऐवजी खडी घाला.

आच्छादनावरची कोणतीही छत्री खाऊ नका, ओळखीची वाटली तरी. वारुळावर उगवणारी खायची अळंबी वेगळी. पावसाळ्यात हिरवळीवर येणारी, खालचे पापुद्रे पुढे हिरवट होणारी मोठी पांढरी छत्री खाल्ली तर जबर उलट्या-जुलाब होतात. लहान मुलं किंवा कुत्रा अंगणात फिरत असेल तर छत्र्या रोज सकाळी उपटून टाका.

मोठ्या झाडाच्या, विशेषतः गुलमोहराच्या, बुंध्यातून कठीण, फळीसारखी लालसर-तपकिरी बुरशी बाहेर आली तर मात्र तिचा आच्छादनाशी संबंध नाही. आत खोड-मुळं कुजत आहेत आणि झाड वाऱ्यात कोसळू शकतं. बुरशी तोडून उपयोग नाही. झाडाखाली गाडी लावणं थांबवा, जाणकाराकडून खोड तपासून घ्या. महाराष्ट्रातल्या शहरात झाड तोडायला किंवा छाटायला १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार परवानगी लागते, ती पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे मागा. अर्जासोबत बुंध्याचे आणि बुरशीचे जवळून काढलेले फोटो जोडा.