ओकच्या पिंपात मुरलेली शार्डोने कशी चाखावी

मुंबईच्या उकाड्यात व्हाइट वाइन बर्फासारखी गार करून पिण्याचा मोह होतो. परंतु ओकच्या लाकडी पिंपात मुरलेल्या शार्डोनेच्या, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या व्हाइट वाइनच्या, बाबतीत तो आवरावा. फ्रीजमधल्या ४ अंश सेल्सिअसच्या गारव्यात तिचा गंध मिटून जातो, म्हणून बाटली थोडा वेळ आधी बाहेर काढावी आणि १० ते १३ अंशांवर, मोठ्या पोटाच्या ग्लासात थोडी थोडीच ओतावी, कारण आपल्या हवेत ती पटकन तापते.

ग्लास पांढऱ्या कागदापुढे धरल्यास सोनेरी झाक दिसते. लाकडातून किंचित हवा आत शिरत राहिल्याचा तो परिणाम असतो. शार्डोनेचे माहेर असलेल्या फ्रान्समधल्या बर्गंडीत ही पिंपे साधारण २२८ लिटरची असतात आणि आतून आगीवर शेकलेली असतात. व्हॅनिला, भाजलेला पाव आणि खरपूस सुक्यामेव्याचे गंध तिथूनच येतात. लोण्याचा वास मात्र लाकडाचा नसतो: हिरव्या सफरचंदातले आंबट मॅलिक आम्ल जिवाणूंमुळे दह्यातल्या सौम्य लॅक्टिक आम्लात बदलते, तेव्हा डायअसेटिल नावाचे संयुग तयार होते आणि त्याचाच हा लोण्यासारखा सुगंध. फळाची चव हरवून नुसते लाकूडच जाणवत असेल, तर ती वाइन माझ्या मते फसलेली समजावी.

सोबत नारळाच्या रसातले सौम्य पापलेट किंवा लोणी-लसणातला खेकडा घ्यावा. झणझणीत मालवणी रस्सा टाळावा. तिखटाने मद्यार्काची जळजळ वाढते.